शब्द एकच : न्यायालयात आणि प्रयोगशाळेत



दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेतो. आमच्या बोईसर, पालघर, वाणगाव, डहाणू या भागात असे विद्यार्थी पुष्कळ. हातात भौतिकीचे नवे कोरे पुस्तक येते, ते इंग्रजीत असते. विजेवरचे प्रकरण उघडावे, तर पहिल्याच पानावर चार्ज, फोर्स आणि लॉ हे शब्द भेटतात. विद्यार्थी अभ्यासू असला तर तो लगेच शब्दकोश काढतो किंवा मोबाईलवर अर्थ शोधतो. तेथे त्याला काय दिसते पाहा. चार्ज म्हणजे आरोप. फोर्स म्हणजे जबरदस्ती. लॉ म्हणजे कायदा. बॅटरी म्हणजे मारहाण. सेल म्हणजे तुरुंगातील कोठडी. डिस्चार्ज म्हणजे सुटका. विजेवरचा धडा वाचायला घ्यावा आणि हाती पोलिसांचा पंचनामा यावा, तशी त्याची गत होते!

तुम्ही हसाल. पण या गोंधळातून काही मुले एक घातक निष्कर्ष काढतात. 'इंग्रजी आपल्याला जमणार नाही, म्हणून विज्ञानही जमणार नाही,' असे त्यांच्या मनात बसते आणि चांगली हुशार मुले वर्गात प्रश्न विचारणे सोडून देतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. शब्दकोशाने येथे फसवलेले नाही आणि विद्यार्थ्याचेही काही चुकलेले नाही. हे शब्द खरोखरच न्यायालय, तुरुंग आणि रणांगण या ठिकाणी वावरणारे आहेत. त्यांतले काही तेथूनच प्रयोगशाळेत आले, तर काही दोन्हीकडे सारख्याच कामाला लागले. त्यांचा प्रवास एकदा समजला, की त्यांची भीती उरत नाही. शिवाय आणखी एक लाभ होतो. वर्तमानपत्रातील गुन्ह्यांच्या आणि खटल्यांच्या बातम्या नेमक्या कशा वाचायच्या, हेही कळू लागते.

चार्ज : चढवलेले ओझे

पहिला शब्द चार्ज. मराठी माणूस हा शब्द दिवसातून कितीदा तरी वापरतो. मोबाईल चार्ज करतो. नवीन अधिकारी 'चार्ज घेतात'. पोलीस लाठीचार्ज करतात, न्यायालयात चार्जशीट दाखल करतात. दुरुस्तीचा चार्ज किती, असे आपण दुकानदाराला विचारतो. इतके वेगवेगळे अर्थ एका शब्दात कसे मावले?

या शब्दाचे मूळ जुन्या लॅटिन भाषेतील गाडीच्या नावात आहे. गाडीवर माल चढवणे, ओझे लादणे, हा त्याचा पहिला अर्थ. त्याच मुळापासून कार आणि कार्गो हे शब्द निघाले. आता ओझ्याची ही कल्पना मनात ठेवून वरचे अर्थ पुन्हा पाहा. अधिकाऱ्यावर कामाचे ओझे येते, म्हणून तो चार्ज. गिऱ्हाइकावर पैशाचा बोजा पडतो, तोही चार्ज. माणसावर गुन्ह्याचा ठपका लादला जातो, तो चार्ज. बंदुकीत दारू ठासून भरणे यालाही चार्ज म्हणत. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा काचेच्या बरणीत वीज 'भरून' ठेवता येते असे दिसले. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या काळच्या संशोधकांनी बंदुकीचाच शब्द तेथे लावला. बरणी भरणे म्हणजे चार्ज आणि ठिणगी पडून रिकामी होणे म्हणजे डिस्चार्ज.

आता मराठीकडे वळू. आपल्या पुस्तकात चार्जला विद्युतप्रभार म्हणतात. प्रभार या शब्दात भार आहे, म्हणजे ओझेच! कार्यालयात तात्पुरते काम पाहणाऱ्याला आपण प्रभारी अधिकारी म्हणतो, तोही भार वाहणारा. आणि आरोप? आरोप म्हणजे मुळात 'वर ठेवणे'. झाड लावण्याला आपण वृक्षारोपण म्हणतो, त्यातील आरोपण तेच. म्हणजे इंग्रजीने जे ओझे गाडीवर चढवले, तेच मराठीने आरोपीच्या डोक्यावर ठेवले. दोन भाषांनी एकच चित्र पाहिले आहे. फरक एवढाच, की इंग्रजीने सर्व ठिकाणी एकच शब्द ठेवला आणि मराठीने न्यायालयासाठी आरोप, प्रयोगशाळेसाठी प्रभार असे दोन शब्द वेगळे केले. त्यामुळे मराठी माध्यमाचा विद्यार्थी येथे मागे नाही, उलट एक पाऊल पुढे आहे. त्याच्या भाषेने अर्थांची विभागणी आधीच करून ठेवली आहे.

न्यायालयातही डिस्चार्ज असतो. पोलिसांनी आणलेल्या कागदपत्रांत खटला चालवण्यापुरताही आधार नसेल, तर न्यायालय आरोप निश्चित करण्याआधीच त्या व्यक्तीला सोडून देते. हा डिस्चार्ज. मात्र आरोप ठेवला गेला, खटला पुरा चालला आणि दोष सिद्ध झाला नाही, तर होते ती निर्दोष मुक्तता. हे दोन शब्द वेगळे आहेत. रुग्णालयातील डिस्चार्ज तिसराच. पण तिन्हीकडे 'भार उतरला' ही कल्पना कायम आहे.

बॅटरी आणि सेल : तोफखाना आणि कोठडी

गावाकडे आजही टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायला दुकानातून सेल आणतात. हे दोन्ही शब्द कोठून आले?

बॅटरीचे मूळ 'बडवणे, ठोकणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात एखाद्याच्या अंगावर बेकायदा हात टाकणे याला बॅटरी म्हणतात. किल्ल्याच्या भिंतीवर मारा करणाऱ्या तोफांच्या रांगेलाही बॅटरी हेच नाव पडले. फ्रँकलिन यांनी १७४९ साली काचेची अकरा मोठी तावदाने शिशाच्या पत्र्यांसह एकत्र जोडून त्यांत वीज साठवली. अनेक तोफांचा मारा एकत्र होतो तसा येथे अनेक तावदानांचा प्रभार एकत्र होत होता. म्हणून त्यांनी या मांडणीला इलेक्ट्रिकल बॅटरी म्हटले. पुढे १८०० साली व्होल्टा यांनी रासायनिक क्रियेतून सतत वीजप्रवाह देणारी चवड तयार केली. काळाच्या ओघात बॅटरी हे नाव त्या जातीच्या साधनांकडे गेले. म्हणून काटेकोर बोलायचे तर एक सुटा असतो तो सेल, आणि अनेक सेल जोडून होते ती बॅटरी.

सेल म्हणजे लॅटिन भाषेत लहानशी खोली. मठात साधू राहतो ती सेल. तुरुंगात कैदी राहतो तीही सेल. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना लहान लहान कप्पे दिसले, म्हणून त्यांनीही हाच शब्द वापरला. आपण जीवशास्त्रात त्याला पेशी म्हणतो, विजेच्या धड्यात विद्युतघट म्हणतो आणि तुरुंगात कोठडी म्हणतो.

अंदमानच्या सेल्युलर जेलचे नाव मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. १९०६ साली पुरे झालेल्या या तुरुंगात प्रत्येक कैद्यासाठी स्वतंत्र कोठडी होती, म्हणून तो सेल्युलर. आपला मोबाईलही सेल्युलर फोनच. कारण त्याच्या सेवेचा प्रदेश लहान लहान कप्प्यांत वाटलेला असतो आणि प्रत्येक कप्प्याला आपला मनोरा असतो. स्वातंत्र्यवीर ज्या शब्दाच्या भिंतीआड कोंडले गेले, त्याच शब्दाच्या आधारे आज आपण घरबसल्या जगाशी बोलतो!

लॉ : मोडता येणारा आणि न येणारा

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द, लॉ. याचा मूळ अर्थ 'घालून दिलेली, मांडून ठेवलेली गोष्ट'. कायदा हा शब्द अरबीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ पाया किंवा बैठक असा आहे. भूमितीत त्रिकोणाच्या पायालाही अरबी भाषेत हाच शब्द आहे. नियम हा संस्कृत शब्द, त्यात आवरणे, बांधून ठेवणे हा अर्थ आहे. १६८७ साली न्यूटन यांनी गतीविषयीची आपली तीन विधाने लॅटिनमध्ये लिहिली, तेव्हा त्यांनी कायद्याचाच शब्द वापरला. ईश्वराने विश्वाला कायदे घालून दिले आहेत, असे त्या काळच्या युरोपात मानले जाई. आपण मात्र न्यूटनचे 'नियम' म्हणतो, 'कायदे' म्हणत नाही. हे फार चांगले झाले. कारण या दोन गोष्टींत मूलभूत फरक आहे.

बोईसर स्थानकाचे उदाहरण घेऊ. पादचारी पूल असतानाही काही जण रूळ ओलांडून पलीकडे जातात. हा रेल्वेच्या कायद्याचा भंग आहे. पकडले गेले तर शिक्षा होते, पण कोणी पाहिले नाही तर काहीच होत नाही. म्हणजे हा लॉ मोडता येतो. मोडता येतो म्हणूनच त्याला शिक्षेची जोड द्यावी लागते.

आता त्याच रुळांवरून न थांबणारी एक गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगाने येत आहे असे समजा. म्हणजे सेकंदाला ३० मीटर. चालकाने ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटरने कमी होतो असे धरू. मग गाडी थांबायला ६० सेकंद लागतील. थांबेपर्यंतचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागा. ९०० भागिले १, म्हणजे ९०० मीटर. जवळजवळ एक किलोमीटर! चालकाने तुम्हांला पाहिले, त्याला दया आली, त्याने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, तरी हे अंतर कमी होत नाही. गाडीचे जडत्व कोणाची गय करत नाही आणि कोणावर रागावतही नाही.

हा दुसरा लॉ मोडता येत नाही. तो 'असे करा' अशी आज्ञा देत नाही, तर 'असे घडते' एवढेच सांगतो. म्हणून निसर्गाच्या नियमाला पोलीस लागत नाही, न्यायाधीश लागत नाही आणि शिक्षाही नसते. अपघात ही निसर्गाने दिलेली शिक्षा नव्हे, तो नियमाचा परिणाम आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. माणसाचा कायदा मोडणारा सापडला, तर चूक त्या माणसाची असते. निसर्गाचा एखादा नियम 'मोडणारी' घटना पक्क्या प्रयोगांनी सापडली, तर चूक घटनेची नसते, नियमाच्या मांडणीची असते. मग शास्त्रज्ञ नियमच बदलून लिहितात.

कायद्याने केलेली बलाची व्याख्या

तुम्ही म्हणाल, न्यायालयाला भौतिकीशी काय देणेघेणे? पण एक ठिकाण असे आहे, की जेथे कायद्याने चक्क भौतिकीचा धडा लिहिला आहे. भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १८३७ साली तयार केला. पुढे १८६० साली ती संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४९ मध्ये फोर्स, म्हणजे बल, या शब्दाची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हीच व्याख्या कलम १२८ मध्ये आहे.

व्याख्येचा आशय असा. एखाद्याने दुसऱ्या माणसाला गती दिली, त्याच्या गतीत बदल केला किंवा त्याची गती थांबवली, तर त्याने बल वापरले असे म्हणायचे. एखादी वस्तू गतिमान करून ती दुसऱ्याच्या अंगाला, कपड्यांना किंवा हातातील सामानाला भिडवली, तरीही बल वापरले असे म्हणायचे. बल स्वतःच्या शरीराने वापरता येते, एखाद्या वस्तूची तशी मांडणी करून वापरता येते किंवा जनावराला हलवूनही वापरता येते.

गती देणे, गती बदलणे, गती थांबवणे! न्यूटनच्या पहिल्या नियमातील बल हुबेहूब याच पायरीवर उभे आहे. नववीच्या विद्यार्थ्याला ही व्याख्या ओळखीची वाटेल.

पण आता खरी गंमत पाहा. संहितेत समजुतीसाठी काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतील एक असे. नदीकाठी दोराने बांधलेल्या नावेत एक माणूस बसला आहे. दुसऱ्याने मुद्दाम दोर सोडला आणि नाव प्रवाहाबरोबर वाहत गेली. कायदा म्हणतो, दोर सोडणाऱ्याने नावेतील माणसावर बल वापरले.

हे उदाहरण सातपाटीच्या किंवा मुरब्याच्या खाडीतील होडीला लावून पाहा आणि भौतिकीच्या वहीत बलांची आकृती काढा. बांधलेल्या होडीवर प्रवाहाचे बल एका दिशेने आहे आणि दोराचा ताण उलट दिशेने. दोन्ही सारखी, म्हणून होडी स्थिर. दोर सोडणाऱ्याने होडीला ढकललेले नाही. त्याने फक्त दोराचा ताण काढून घेतला. राहिलेल्या असंतुलित बलाने, म्हणजे प्रवाहाने, होडी नेली. भौतिकीच्या उत्तरपत्रिकेत 'दोर सोडणाऱ्याने होडीवर बल लावले' असे लिहिले तर गुण मिळणार नाहीत. न्यायालयात मात्र तेच विधान बरोबर.

मग खरे काय? दोन्ही खरे. भौतिकी विचारते, 'कोणत्या वस्तूने कोणत्या वस्तूवर बल लावले?' कायदा विचारतो, 'ही गती कोणाच्या कृत्यामुळे निर्माण झाली, जबाबदार कोण?' प्रश्न वेगळे, म्हणून व्याख्या वेगळ्या.

पुढे कायदा आणखी दोन गोष्टी विचारतो. हेतू काय होता? आणि दुसऱ्याची संमती होती का? कबड्डीत चढाई करणाऱ्याला चार जण मिळून जमिनीवर पाडतात. दाताचे डॉक्टर जोर लावून दात उपटतात. या दोन्ही ठिकाणी बल आहे, पण संमतीही आहे, म्हणून तो गुन्हा नाही. त्रास, भीती किंवा इजा व्हावी म्हणून संमतीवाचून बल वापरले, की त्याला कायद्याच्या मराठीत 'फौजदारीपात्र बलप्रयोग' म्हणतात. न्यूटनच्या बलाला हेतू नसतो. म्हणूनच तिसऱ्या नियमातील प्रतिक्रिया म्हणजे सूड किंवा जशास तसे नव्हे. तुम्ही भिंतीवर बुक्की मारता तेव्हा भिंत तुमचा सूड घेत नाही. दोन्ही बले एकाच क्षणी असतात, आधी गुन्हा आणि मग शिक्षा असा क्रम तेथे नाही.

उगारलेला हात आणि तुटलेला दात

भांडणाशी संबंधित दोन इंग्रजी शब्द नेहमी चुकीचे वापरले जातात. पहिला ॲसॉल्ट. आपण त्याचा अर्थ मारहाण असा करतो. आपल्या संहितेत मात्र ॲसॉल्ट, म्हणजे हमला, होण्यासाठी अंगाला स्पर्शही व्हावा लागत नाही. समोरच्याला 'आता हा मारणार' अशी भीती वाटेल असा हावभाव किंवा तयारी मुद्दाम केली, की पुरे. उगारलेली मूठ, काठी उचलून मारण्याची भाषा, किंवा चावऱ्या कुत्र्याचे मुसके सोडू लागणे, ही त्याची उदाहरणे. नुसते शब्द मात्र हमला ठरत नाहीत. आणि इंग्लंडच्या कायद्यातील बॅटरी हा शब्द आपल्या संहितेने गुन्ह्याच्या यादीत घेतलाच नाही. त्याचे काम बलप्रयोगाच्या व्याख्येने केले.

दुसरी जोडी हर्ट आणि ग्रीव्हस हर्ट, म्हणजे दुखापत आणि जबर दुखापत. व्यवहारात 'जबर' म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या मनावर असते. कायद्याला तसे चालत नाही. त्याने आठ प्रकार मोजून दिले आहेत. त्यांत हाड मोडणे किंवा सांधा निखळणे आहे, तसाच दात तुटणे किंवा निखळणे हाही आहे. मित्राने रागाच्या भरात मारलेल्या ठोशाने एक दात पडला, तर गमतीत घेण्याची ती गोष्ट राहिली नाही, ती जबर दुखापत झाली. आठव्या प्रकारात दिवस मोजले आहेत. जखमी माणूस ठरावीक दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा नेहमीची कामे करू शकत नसेल, तर दुखापत जबर ठरते. १८६० च्या संहितेत ही मर्यादा २० दिवस होती. आताच्या संहितेत ती १५ दिवस आहे.

हे तुम्हांला ओळखीचे वाटते ना? 'गरम' या शब्दावर विज्ञानाचे भागत नाही, अंश सेल्सिअस लागतात. तसे 'फार लागले' यावर कायद्याचे भागत नाही.

क्रिटिकल : निवाड्याची रेषा

अशा मर्यादांशी जोडलेला एक शब्द आमच्या परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. बोईसरपासून थोड्याच अंतरावर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. अणुभट्टी 'क्रिटिकल झाली' अशी बातमी आली, की काही लोक घाबरतात. साहजिक आहे. रुग्णालयात 'पेशंट क्रिटिकल आहे' म्हणजे प्राण संकटात. मग भट्टी क्रिटिकल म्हणजे स्फोटच होणार की काय?

याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. निवडणे, निर्णय देणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला. त्याच मुळाचा ग्रीक शब्द न्यायाधीशासाठीही होता. क्रिटिकल म्हणजे जेथे निवाडा होतो ती रेषा. रोगाच्या बाबतीत रोगी इकडे की तिकडे, याची रेषा.

अणुभट्टीत युरेनियमच्या एका अणुकेंद्राचे विखंडन झाले, की सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतील काही निसटतात, काही शोषले जातात. सरासरी एकापेक्षा कमी न्यूट्रॉनने पुढचे विखंडन घडवले, तर साखळी विझत जाते. एकापेक्षा जास्त झाले, तर ती वाढत जाते. नेमका एक, तर साखळी एकाच पातळीवर चालू राहते. हीच क्रिटिकल स्थिती, मराठीत क्रांतिक. वीज देणारी भट्टी स्थिरपणे चालू असते, तेव्हा ती क्रांतिकच असते! न्यूट्रॉन शोषणारे दंड आतबाहेर सरकवून हा तोल सांभाळता येतो. म्हणजे 'भट्टी क्रिटिकल झाली' ही 'गाडी सुरू झाली' अशा जातीची बातमी आहे. अणुवीज केंद्राबद्दल तुमचे मत काहीही असो, ते शब्दाचा खरा अर्थ समजून घेऊन बनवा.

संशयित, आरोपी, दोषी

आता अशा शब्दांकडे येऊ, की ज्यांची गल्लत जिवावर बेतते. सस्पेक्ट म्हणजे संशयित, अक्यूज्ड म्हणजे आरोपी, कन्व्हिक्ट म्हणजे दोष सिद्ध झालेला. बातमी वाचताना आपण तिघांनाही सरळ 'गुन्हेगार' म्हणून मोकळे होतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी ही चूक करू नये, कारण त्याच्याकडे अशाच तीन पायऱ्या आहेत. शंका, गृहीतक आणि पुराव्याने टिकलेला निष्कर्ष. गृहीतक मांडले म्हणजे ते सिद्ध झाले, असे आपण म्हणत नाही. प्रयोग करतो, उलट बाजूचे पुरावेही तपासतो, मोजमापातील त्रुटी धरतो. न्यायालयही तेच करते. आरोप करणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो आणि तोही वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतका. आरोपीच्या वकिलाने साक्षीदाराला उलट प्रश्न विचारणे म्हणजे प्रयोग दुसऱ्याने पुन्हा करून पाहण्यासारखेच आहे.

हे सारे सोडून दिले तर काय होते, ते आमच्या पालघर जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, चोर आल्याच्या अफवांनी भडकलेल्या जमावाने तीन प्रवाशांचा जीव घेतला. तेथे संशय, आरोप, खटला, निकाल आणि शिक्षा या पाचही पायऱ्या एका रात्रीत, पुराव्याच्या एका कणावाचून उरकल्या गेल्या. 'चोर' हा एक शब्द पुरला. आणि न्यायाची रीत अशी, की अशा प्रकरणात पकडल्या गेलेल्यांनाही दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीच म्हणायचे. ज्याने दुसऱ्याला ही संधी नाकारली असा संशय आहे, त्यालाही कायदा ती देतो. जमाव आणि न्यायालय यांत फरक आहे तो हाच. मोबाईलवर आलेला एखादा फोटो 'हा चोर आहे' या ओळीसह पुढे पाठवण्यापूर्वी हा फरक आठवा.

शिक्षा आणि शिक्षण

शेवटी शिक्षेचे शब्द. इंग्रजी सेंटेन्स म्हणजे वाक्य आणि सेंटेन्स म्हणजे शिक्षाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मत'. व्याकरणात ते वाक्यात सांगितलेले मत झाले, न्यायालयात ते न्यायाधीशाने सुनावलेले मत झाले.

दंड म्हणजे मुळात काठी. मराठीत दंड म्हणजे कोपरावरचा हात, दंड म्हणजे व्यायाम आणि दंड म्हणजे भरायचे पैसे. दंड संहितेतील दंड मात्र सर्व प्रकारच्या शिक्षांसाठी होता. म्हणून पैशाच्या शिक्षेला कायद्यात द्रव्यदंड असा वेगळा शब्द आहे. आताच्या न्याय संहितेत सहा प्रकारच्या शिक्षा आहेत. मृत्युदंड, जन्मठेप, सश्रम किंवा साधा कारावास, मालमत्ता जप्ती, द्रव्यदंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. किरकोळ गुन्ह्यासाठी लोकांच्या उपयोगाचे काम करायला लावायचे, ही त्यातील कल्पना.

आणि शिक्षा हा शब्द? बोईसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे तुमच्या वर्गात उत्तर भारतातील मुलेही असतील. त्यांच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. 'शिक्षा का अधिकार' हे शब्द मराठी मुलाने वाचले, तर तो दचकेल! संस्कृतात या शब्दाचा अर्थ शिकणे असाच आहे. मराठीने शिक्षण आणि शिक्षक हे शब्द त्या अर्थाने ठेवले आणि शिक्षा मात्र छडीच्या बाजूला टाकली. शाळेत शारीरिक शिक्षा देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. शिक्षक मित्रांनी हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून वर्गात चर्चा घडवावी.

आता तुमच्यासाठी काम. एक वही घ्या, पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द लिहा, दुसऱ्यात त्याचा व्यवहारातील किंवा कायद्यातील अर्थ, तिसऱ्यात विज्ञानातील व्याख्या. सुरुवात पॉवर, वर्क, रेझिस्टन्स, मोमेंट, केस, बार आणि ट्रायल या शब्दांनी करा. तिसऱ्या रकान्यात नुसता प्रतिशब्द चालणार नाही, पूर्ण व्याख्या हवी. उदाहरणार्थ, तासभर डोक्यावर पाटी घेऊन एका जागी उभ्या राहिलेल्या मजुराने व्यवहारात कष्ट केले, पण पाटीवर भौतिकीतील कार्य शून्य झाले. असे का, हे लिहायला बसलात की त्या शब्दाची भीती निघून जाईल.

वही भरत गेली की तुमच्या लक्षात येईल, की एकाच शब्दाने दोन ठिकाणी दोन कामे करणे हा शब्दाचा दोष नाही. आपण कोणत्या दालनात उभे आहोत हे आधी पाहावे आणि तेथील व्याख्या विचारावी. वर्गात 'सर, येथे या शब्दाचा नेमका अर्थ काय?' असे विचारणारा विद्यार्थी कच्चा नसतो. चांगला वकील आणि चांगला शास्त्रज्ञ दोघेही कामाला याच प्रश्नाने सुरुवात करतात.